सलामी मंचासमोर चुकणारा पाय : सोलापुरातील एका छात्रसेना पथकाचे प्रकरण

हे प्रकरण सोलापूरच्या पूर्व भागातील एका माध्यमिक शाळेच्या कनिष्ठ विभागाच्या एनसीसी पथकाचे आहे. या शाळेत मी गणित शिकवतो आणि सहयोगी एनसीसी अधिकारी म्हणून आठवी-नववीच्या छात्रांची जबाबदारी माझ्याकडे आहे. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनासाठी तयारी करताना एका मुलाला पथकातून काढण्याचा निर्णय मी घेतला आणि तो चुकीचा होता. तो कसा चुकला, चूक कशी लक्षात आली आणि नंतर काय केले, याची नोंद सविस्तर ठेवावीशी वाटली, कारण असे निर्णय दर जानेवारीत अनेक मैदानांवर घेतले जातात आणि त्यांची पुन्हा तपासणी सहसा होत नाही.

पथकात 33 छात्र होते, म्हणजे तीन लाइनी आणि प्रत्येक लाइनीत 11. पथकाचे नेतृत्व नववीतील एक सार्जंट करीत होता. बहुतेक मुले यंत्रमाग कामगारांच्या घरची होती. घरात तेलुगू किंवा कन्नड, गल्लीत दखनी, शाळेत मराठी आणि मैदानावर हिंदी हुकूम अशा चार भाषांत त्यांचा दिवस जातो. आठवीत नव्याने आलेल्या मुलाला ‘दाहिने मुड’ म्हटल्यावर तो आधी मनातल्या मनात उजवीकडे म्हणजे ‘कुडि’ असे भाषांतर करतो आणि मग वळतो, त्यामुळे पहिला महिनाभर त्याचे वळणे अर्धा क्षण उशिराच होते. हे आम्हाला ठाऊक आहे आणि त्यासाठी डाव्या मनगटावर दोरा बांधण्याची जुनी युक्ती आम्ही वापरतो. या प्रकरणातील मुलाचा प्रश्न मात्र भाषेचा नव्हता.

डिसेंबरच्या अखेरीस सराव सुरू झाला तेव्हा तो मुलगा मधल्या लाइनीत सहाव्या फाइलीत होता. (तिन्ही लाइनींतले शेजारशेजारचे तीन छात्र म्हणजे एक फाइल; चालताना फाइली एकामागे एक येतात.) ती जागा त्याला उंचीमुळे मिळाली. पथक कदवार लावताना सर्वांत उंच छात्र उजवीकडे आणि सर्वांत बुटका डावीकडे अशी एकच लांब रांग आधी केली जाते. त्यानंतर गिनती होऊन तीन लाइनी अशा बनतात की उंच मुले दोन्ही टोकांना जातात आणि बुटकी मुले मध्यभागी येतात. समोरून पाहणाऱ्याला पथक डौलदार दिसावे हा त्यामागचा हेतू असतो. आमचा हा छात्र चार फूट सात इंच उंचीचा, पथकातला सर्वांत लहान, त्यामुळे तो बरोबर केंद्रस्थानी उभा राहिला. त्याचे बूट मोठ्या चुलत भावाचे होते, दोन नंबर मोठे, आणि पुढच्या भागात चादरीच्या कडेची कातरण कोंबून त्याने ते बसवून घेतले होते. हे मला त्या वेळी माहीत नव्हते. माहीत असायला हवे होते.

शाळेच्या मैदानावरची पहिली पूर्ण तालीम 8 जानेवारीला झाली. पथक प्रवेशद्वाराजवळून निघाले, तिथेच कडुनिंबाखाली शाळेचे बँडपथक उभे होते, आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला बाके मांडून सलामी मंच केला होता. ‘तेज चल’ झाल्यापासून शंभरेक पावले सगळे नीट चालले. मंचाजवळ येताच सार्जंटने ‘दाहिने देख’ दिले, माना वळल्या आणि मध्यभागी गोंधळ उडाला. त्या मुलाने सरळ कदम बदलला, म्हणजे सगळ्यांचा डावा पाय पुढे असताना त्याचा उजवा पाय पुढे पडू लागला. त्याच्या मागच्याचा बूट त्याच्या टाचेवर आला आणि मागच्या तीन फाइली विस्कळीत झाल्या. दुसऱ्या फेरीत पुन्हा तेच घडले आणि तिसऱ्या फेरीतही.

बँडच्या सरांनी, दोन सहकाऱ्यांनी आणि खुद्द सार्जंटनेही एकच मत दिले की मुलगा कच्चा आहे, त्याला राखीवमध्ये ठेवावे. मी तो प्रश्न दोन मिनिटांत निकाली काढला. मुलगा काही बोलला नाही. पुढचे दोन दिवस तो मैदानाच्या कडेला सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसला, आणि कोणी सांगितले नसतानाही पथक चालू लागले की त्याची बोटे मांडीवर ठेका धरत होती. ते मी पाहिले, पण त्याचा अर्थ लावला नाही.

त्याच्या जागी दुसरा छात्र आला. तो दोन इंचांनी उंच होता, सरावाला एकही दिवस न चुकलेला आणि हुकूम चोख पाळणारा. दहा तारखेच्या तालमीत ‘दाहिने देख’ होताच तोही चुकला. त्याची चूक वेगळ्या प्रकारची होती. त्याने कदम बदलला नाही, तो अडखळला, दोन छोटी पावले टाकून पुढच्याला गाठण्याचा त्याने प्रयत्न केला आणि मधली लाइन मागे रेलली. जागा तीच होती आणि क्षणही तोच होता.

माणूस बदलूनही चूक तिथेच राहते तेव्हा ती माणसाची नसते, एवढे तरी गणित शिकवणाऱ्याला सुचायला हवे. मला ते त्या संध्याकाळी सुचले.

बारा जानेवारीला तालीम नव्हती. 1931 साली याच दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चार स्वातंत्र्यसैनिकांना येरवड्यात फाशी दिली गेली, आणि सोलापुरात हा दिवस विसरला जात नाही. चार पुतळ्यांपाशी आमची मुले दहा मिनिटे सावधानमध्ये उभी राहिली आणि एकानेही हालचाल केली नाही. तो छात्रही तिथे होता, कारण अभिवादनातून मी कोणाला वगळले नव्हते. टाचा जोडलेल्या, पंजे 30 अंशांवर, मुठी पँटच्या शिवणीला, मान ताठ. कच्चा छात्र असा उभा राहत नाही. परतताना मी त्याला विचारले की मंचासमोर त्याने पाय का बदलला. तो म्हणाला, “सर, ठोका उशिरा यायलाय. म्हणून मी पाय बदललो.”

या एका वाक्याने तपासाला दिशा मिळाली. मुलगा गल्लीतल्या मंडळाच्या लेझीम पथकात चौथीपासून खेळतो. सोलापूरच्या गणेशोत्सवातील लेझीम ज्यांनी पाहिले आहे त्यांना माहीत आहे की तिथे शेकडो पावले हलगीच्या ठोक्यावर एकदम पडतात. समोरच्याकडे पाहून पाय टाकणारा मुलगा तिथे टिकत नाही, कारण समोरचा दर चार मात्रांनी वळलेला किंवा वाकलेला असतो. कान हाच त्यांचा आधार असतो. याचा अर्थ हा छात्र तालात कमी नव्हता. पथकातल्या इतर बहुतेकांपेक्षा तो ताल अधिक प्रामाणिकपणे ऐकत होता, आणि जो ठोका त्याला ऐकू येत होता त्यावर त्याचा पाय बरोबरच पडत होता.

मग ठोका उशिरा का येत होता? आधी मला शंका आली ती ढोल वाजवणाऱ्या मुलांची, पण फोनवरच्या तालयंत्राशी ताडून पाहिले तेव्हा त्यांचा ठेका सुटत नव्हता. उत्तर अंतरात होते. तेज चालीत मिनिटाला 120 पावले पडतात, म्हणजे दर अर्ध्या सेकंदाला एक. बँड प्रवेशद्वारापाशी होता आणि मंचासमोरची जागा तिथून टेपने मोजली तेव्हा सुमारे 85 मीटर भरली. हवेत ध्वनी सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणून ढोलाचा ठोका मंचापाशी पोहोचायला पाव सेकंद लागतो. पाव सेकंद म्हणजे बरोबर अर्धे पाऊल. पथक निघताना ढोल आणि पाय एकत्र पडत होते, आणि मंचासमोर तोच ठोका दोन पावलांच्या मधोमध, पाय हवेत असताना, कानावर येत होता. अशा वेळी कानाला दोनच मार्ग उरतात, ठोक्याकडे दुर्लक्ष करणे किंवा पाय त्याच्याशी जुळवून घेणे. लेझीम खेळलेल्या मुलाने दुसरा मार्ग धरला.

पण ठोका तर सगळ्यांनाच उशिरा येत होता, मग इतर मुले का चुकली नाहीत? या प्रश्नाचे उत्तर मला स्वतःहून सापडले नसते. बटालियनकडून आलेल्या उस्तादांनी, म्हणजे सेनेतील हवालदार दर्जाच्या प्रशिक्षकांनी, सिद्धरामेश्वरांच्या यात्रेची सुट्टी संपल्यावर तालीम पाहिली आणि मला मंचाजवळ न थांबता मधल्या फाइलीशेजारून पथकाबरोबर चालायला सांगितले. मी चाललो आणि ‘दाहिने देख’ला मान वळवली. त्याबरोबर पुढच्या छात्राची पाठ आणि खांदे नजरेआड झाले. तोवर पथकातला प्रत्येक जण खरे तर समोरच्याच्या खांद्याची हालचाल पाहून चालत होता, ठोका वेगळा ऐकू आला तरी डोळे त्याला सावरत होते. मान वळताच डोळ्यांचा आधार गेला आणि फक्त कान उरला. उजव्या टोकाची लाइन या हुकमावर मान वळवत नाही, नजर समोरच ठेवते, म्हणून ती कधीच चुकली नाही. सार्जंट सर्वांत पुढे होता, त्याची ‘एक-दो-एक’ ही गिनती समोरच्या दिशेला जात होती, त्यामुळे पहिल्या तीन-चार फाइलींना ती पुरत होती आणि मध्यापर्यंत पोहोचेपर्यंत विरत होती. चूक मंचासमोरच का होते आणि पथकाच्या मध्यभागीच का होते, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर असे एकाच जागी सापडले.

दुसऱ्या छात्राच्या अडखळण्याचे कारण अजून सुटलेले नव्हते, कारण तो लेझीम खेळणारा नव्हता. उस्तादांनी त्यासाठी पेस स्टिक मागवली. कंपासासारखे दोन पाय असलेली ही काठी 30 इंचांवर उघडून मैदानावर फिरवली की प्रत्येक पावलाचे माप दिसते. आम्ही 62 फूट 6 इंच अंतरावर चुन्याच्या दोन रेघा मारल्या, म्हणजे 30 इंचांची बरोबर 25 पावले, आणि एकेका छात्राला एकट्याने चालवून पावले मोजली. पहिल्या फाइलीतील मार्कर (ज्याच्या पावलावर सगळे पथक चालते तो छात्र), जो पाच फूट आठ इंच उंच आहे, 23 पावलांत पोहोचला. काढून टाकलेल्या छात्राला 27 पावले लागली. भागाकार केला तर मार्करचे पाऊल साडेबत्तीस इंचांच्या थोडे वर जाते आणि लहान मुलाचे अठ्ठावीसच्या थोडे खाली राहते. दर पावलाला जवळजवळ पाच इंचांचा फरक मधल्या फाइलींच्या मुलांनी भरून काढायचा, तोही 120 च्या ठेक्यावर, आणि मागे पुन्हा उंच मुले, ज्यांची पावले पुढच्यांइतकीच लांब.

कदवार रचनेत बुटकी मुले मध्यभागी येतात तेव्हा त्यांच्यावर दोन्हीकडून दाब येतो, ही गोष्ट मी सात वर्षे पथक घेऊनही कधी नीट ध्यानात घेतली नव्हती. पुढचा पळवतो आणि मागचा टाचेवर येतो. प्रेक्षकाला दिसते ते एवढेच की मध्यभागी काहीतरी बिघडते आहे. दोष पुढच्या टोकाला, मार्करच्या लांब पावलात होता, आणि मार्कर पथकातला सर्वांत देखणा चालणारा म्हणून त्याच्याकडे कोणी बोट दाखवले नाही. त्यालाही यात दोष देता येत नाही. त्याचे पाऊल कोणी मोजलेच नव्हते.

खात्री करण्यासाठी आम्ही तीन सकाळी वेगवेगळ्या फेऱ्या घेतल्या आणि प्रत्येक फेरीचे फोनवर संथ गतीचे चित्रण केले. काढलेला छात्र आता पुन्हा आपल्या मूळ जागी होता. ढोल प्रवेशद्वाराशीच ठेवून सहा फेऱ्या झाल्या, त्यात पाच वेळा मंचासमोर पाय चुकले. चित्रण थांबवून-थांबवून पाहिले तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली : चुकणारा तो एकटा नव्हता. प्रत्येक वेळी सहा ते आठ मुलांचे पाय मागे-पुढे होत होते, पण ती फरपटत का होईना पुन्हा जुळवून घेत होती, तर याने पूर्ण कदम बदलल्यामुळे तो स्पष्ट दिसत होता. ढोल बंद ठेवून, फक्त टाचांच्या आवाजावर घेतलेल्या चार फेऱ्यांत एकदाही कदम चुकला नाही, मात्र मधली लाइन तशीच मागे रेलत राहिली. म्हणजे कारणे दोन होती आणि एकमेकांपासून वेगळी होती. ढोल असताना ‘दाहिने देख’ न देता पथक तसेच पुढे नेले, तर चूक क्वचितच झाली.

उपाय शोधायला वेळ लागला नाही, ते अंगवळणी पाडायला लागला. बँड कडुनिंबाखालून हलवून मंचाच्या समोर, संचलनमार्गाच्या पलीकडे वीस मीटरवर उभा केला, म्हणजे जिथे डोळे काम करत नाहीत तिथे कानाला सर्वांत खरा ठोका मिळावा. सुरुवातीला पथक बँडपासून दूर असल्याने तिथे ठोका उशिरा येई, पण तिथे नजर समोर असते आणि सार्जंटची गिनती ताजी असते, त्यामुळे निभावते. सार्जंटला ‘दाहिने देख’च्या आधी दहा पावले गिनती मोठ्याने, मान किंचित मागे करून द्यायला शिकवले. हुकमाचे दोन भाग, आधी सावध करणारा ‘दाहिने’ आणि नंतर कृतीचा ‘देख’, यांत त्याचा अवकाश फार तोकडा होता, तोही वाढवला.

पावलांवरचे काम अधिक किचकट होते. मैदानावर 30-30 इंचांवर चुन्याच्या पट्ट्या आखून शिडी केली आणि मार्करसह पहिल्या दोन फाइलींना रोज वीस मिनिटे फक्त त्यावरून चालवले. लांब पाऊल आखडणे हे आखूड पाऊल लांबवण्याइतकेच कठीण असते. मार्कर तीन दिवस वैतागलेला होता, त्याला आपले चालणे बिघडल्यासारखे वाटत होते. चौथ्या दिवशी तो 25 पावलांत पोहोचला. लहान मुलांच्या बाबतीत मी उस्तादांशी थोडा वादही घातला. तेरा वर्षांच्या, साडेचार फुटांच्या मुलाकडून प्रौढ सैनिकाचे 30 इंच मागणे मला पटत नव्हते आणि आजही पूर्ण पटलेले नाही. त्यांचे म्हणणे असे की माप एकच राहिले पाहिजे, नाहीतर पथकाला आधार उरत नाही, पण ते माप ताणून नव्हे तर गुडघा आणि टाच नीट वापरून गाठले पाहिजे. अखेर बूट हाच मोठा अडथळा निघाला. कातरण भरलेल्या मोठ्या बुटात टाच आत सरकत असल्याने पाऊल पूर्ण पडण्याआधीच आखडत होते. माजी छात्रांच्या घरून मापाचा जोड मिळाला, आणि तो मुलगा एका आठवड्यात 27 वरून 26 पावलांवर आला. पंचविसावर तो आला नाही.

मधल्या काळात दोन दिवस हजेरी निम्म्यावर आली होती. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत ज्यांच्या घरचे नंदीध्वजाच्या मिरवणुकीत असतात त्यांना बाराबंदी हा पारंपरिक पोशाख घालून जायचे असते, आणि संक्रांतीच्या दिवसांत सोलापुरात कोणी शिक्षक त्यासाठी मुलांवर रागावत नाही. तो खंड गृहीत धरूनच वेळापत्रक करायला हवे, हे मात्र पुढच्या वर्षासाठी वहीत लिहून ठेवले आहे.

सव्वीस जानेवारीला पथक मंचासमोरून गेले तेव्हा कदम एकही चुकला नाही. मधली लाइन बारकाईने पाहणाऱ्याला किंचित मागे वाटली असती, बोटभर. तिथला बँड आमच्या हातात नव्हता, त्याची जागा आयोजकांनी ठरवलेली होती, म्हणून आदल्या तीन दिवसांत मुद्दाम ढोल कधी जवळ, कधी लांब, कधी पाठीमागे ठेवून सराव घेतला होता, आणि ‘दाहिने देख’नंतर ढोल सोडून शेजाऱ्याच्या टाचेचा आवाज धरायचा, असे मुलांना पक्के सांगितले होते. हे सर्वांत आधी जमले ते त्याच छात्राला. कान तयार असलेल्या मुलाला काय ऐकायचे एवढेच सांगावे लागते.

एक गोष्ट निस्तरायची राहिली होती. संचलनानंतरच्या पहिल्या परेडला मी सर्व छात्रांसमोर सांगितले की या मुलाला काढण्याचा निर्णय माझा होता, तो मी न तपासता घेतला होता आणि चूक त्याची नव्हती. सार्जंटनेही आपणहून पुढे येऊन त्याच्याशी हात मिळवला. मुलगा संकोचला आणि त्याने सावधानमध्येच “जी सर” म्हटले.

जूनमध्ये आठवीची नवी तुकडी आली, तेव्हा चुन्याची शिडी आखण्याचे काम तो छात्र स्वतःहून करू लागला होता. पेस स्टिक बटालियनला परत गेली होती, म्हणून त्याने मागाच्या मोडक्या पट्टीवर 30 इंचांची खूण करून घेतली आहे. पहिल्या आठवड्यात तो नव्या मुलांना ढोलाशिवाय, डोळे मिटून कदम ताल, म्हणजे जागच्या जागी पावले टाकायला लावतो आणि स्वतः लाइनींमधून फिरत कोणाच्या टाचेचा आवाज मागे राहतो ते ऐकतो.